मांडवा आरोग्य प्रकल्प : ‘टिकणे’ या संकल्पनेच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील सामुदायिक आरोग्याच्या प्रयोगांचा आढावा घेताना जामखेड, मिरज, कासा आणि मांडवा ही नावे सामान्यतः एकत्रच घेतली जातात. त्यांपैकी जामखेडविषयी विपुल लेखन झाले आहे. मांडव्याचा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपतो: प्रयोग चांगला होता, पण टिकला नाही. हा निवाडा देताना ‘टिकणे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न विचारला जात नाही. संस्था टिकणे, कार्यक्रम टिकणे, शिकलेले कौशल्य टिकणे आणि ज्यांच्यासाठी हे सारे करावयाचे त्यांचा त्यावरील अधिकार टिकणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. मांडव्याच्या अनुभवात त्या एकमेकींपासून स्पष्टपणे सुट्या झाल्या. त्याच सुमारास वैद्यकशास्त्र व सामाजिक शास्त्रे यांच्या देशपातळीवरील सहकार्यातून जे विचारमंथन झाले, त्यात यांपैकी कोणता अर्थ स्वीकारला गेला आणि कोणता निसटला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा मराठीत रूढ झाली ती मुख्यतः १९८७ साली ब्रुन्टलँड आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतर. मांडव्याचे काम त्यापूर्वीच आटोपले होते. त्या काळातील कार्यकर्ते व अभ्यासक ‘पर्यायी पद्धती’, ‘लोकसहभाग’, ‘स्वयंपूर्णता’ हे शब्द वापरीत. नंतरचा शब्द आधीच्या अनुभवावर लादणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने धोक्याचे असते. म्हणून या लेखात ‘शाश्वतता’ या संस्कृतनिष्ठ शब्दाऐवजी ‘टिकणे’ हे साधे मराठी क्रियापद आधाराला घेतले आहे. त्याला काळाचे बंधन कमी आहे. शिवाय ‘टिकवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप लगेच समोर येते आणि त्यासोबत ‘कोणी टिकवायचे?’ हा कर्त्याचा प्रश्नही.

परिसर

मांडवा हे अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाजवळचे गाव. समोर मुंबई बंदर, पूर्वेस रेवस व धरमतरची खाडी, दक्षिणेस किहीम, थळ आणि अलिबाग. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. प्रकल्पाच्या बहुतेक काळात तो कुलाबा जिल्हाच होता. मुंबई डोळ्यांना दिसते, परंतु रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास वळसा पडतो, आणि पावसाळ्यात मांडव्याची जलवाहतूक बंद राहत असे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ही स्मृती या किनाऱ्यावर अद्याप जिवंत आहे. महानगराच्या इतक्या जवळ असूनही आजारी माणसाच्या दृष्टीने हा प्रदेश दूर होता.

आगरी, कोळी, कातकरी आणि अन्य समाजांची ही वस्ती. उपजीविका भातशेती, मासेमारी, मीठ आणि मुंबईतील नोकरी यांवर. खाडीकाठच्या शेतीचे वैशिष्ट्य म्हणजे खारभूमी: समुद्राच्या भरतीला मातीच्या बांधाने अडवून काढलेली भाताची जमीन. या जमिनींविषयीच्या जुन्या महसुली नोंदी वाचण्यासारख्या आहेत. ‘शिलोत्री’ नावाच्या धारणापद्धतीत जमिनीवरील हक्क कायम मानला जाई, पण बांध नीट दुरुस्त ठेवला जाईल तोवरच. काही ठिकाणी बांधाची जबाबदारी शिलोत्रीदाराची असे, व त्यापोटी कूळ त्याला सरकारी आकारणीखेरीज बिघ्यामागे एक मण जादा भात देई. अन्य ठिकाणी कसणारे स्वतःच बांध राखीत. कायमपणा आणि डागडुजी यांचा असा थेट संबंध जोडणारी दुसरी महसुली संकल्पना क्वचितच सापडेल. बांधाला एकदा खांड पडली आणि ती वेळीच बुजवली नाही, तर उधाणाचे खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन काही वर्षांसाठी नापीक होते. उघाडीची झडप कोणी पाहायची, खांड पडल्यावर रात्री कोणी धावायचे, हे तेथे जगण्याचे प्रश्न होते.

मात्र या सामूहिक व्यवस्थेचे उदात्तीकरण करू नये. बांध राखणारा आणि पीक नेणारा हे अनेकदा निराळे असत. याच तालुक्यातील चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा जो दीर्घ संप केला, व ज्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा लाभला, त्याच्या मुळाशी ही विषमता होती. पुढे १९४८ चा मुंबई खारभूमी कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा यांनी बांधांची जबाबदारी टप्प्याटप्प्याने शासनाकडे नेली. खाडीकाठी फुटलेल्या बांधांआड खारफुटी वाढलेली शेते पाहिली, की या हस्तांतराचे मूल्यमापन अद्याप व्हावयाचे आहे असे वाटते.

शल्यचिकित्सक आणि शेजारीण

मांडवा प्रकल्पाचे प्रवर्तक डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७) हे प्लास्टिक सर्जन होते. खेड्यातील आरोग्याकडे वळणाऱ्या डॉक्टरांमध्ये ही शाखा तशी अनपेक्षितच. परंतु त्यांच्या बाबतीत या वळणाला एक तर्क होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या विषयाचा विभाग उभारणारे अंतिया कुष्ठरोगाने वाकलेली बोटे आणि बसलेली नाके दुरुस्त करीत. ही शस्त्रक्रिया रोगाच्या दीर्घ प्रवासाच्या शेवटी येते. त्वचेवरील बधिर चट्टा आरंभीच ओळखला गेला व औषध नियमित मिळाले, तर शस्त्रक्रियेची वेळच येत नाही. तो चट्टा प्रथम दिसतो घरातल्या किंवा शेजारच्या माणसाला. रुग्णालयातल्या तज्ज्ञाला तो दिसेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

औषधोपचाराची तत्कालीन स्थिती ध्यानात घेतल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली ती १९८० च्या दशकाच्या आरंभी. तोवर कुष्ठरोग्याला डॅप्सोन वर्षानुवर्षे घ्यावे लागे. क्षयरोगाचा प्रचलित उपचार बारा ते अठरा महिने चाले. दोन-तीन महिन्यांत बरे वाटू लागले की मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे रोग्याला परवडत नसे, आणि औषध सुटत असे. औषध होते, ज्ञानही होते. नव्हते ते रोज आठवण करून देणारे जवळचे माणूस. ‘टिकणे’ या शब्दाचा वैद्यकीय अर्थ येथे अगदी नेमका आहे: उपचार पूर्ण होईपर्यंत टिकला पाहिजे, आणि तो टिकवणारी व्यक्ती गावातच राहणारी पाहिजे.

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मांडवा परिसरातील सुमारे ३० गावांत, सुमारे ३०,००० लोकवस्तीत हे काम सुरू झाले. १९७५ साली स्थापन झालेल्या ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेने त्याला संशोधनाची बैठक दिली. गावातल्याच स्त्रियांना अंशकाळ आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्यांतील अनेकींचे शालेय शिक्षण अत्यल्प होते. गरोदर स्त्रियांची देखभाल, लसीकरणासाठी मुलांना एकत्र करणे, अतिसारावरील घरगुती उपाय, कुष्ठरोग व क्षयरोगाचे संशयित रुग्ण हेरणे आणि त्यांचा औषधोपचार चालू ठेवणे ही कामे त्या करू लागल्या. गावपातळीवरील बहुसंख्य आरोग्यसेवा अल्पशिक्षित स्त्रिया उत्तम रीतीने देऊ शकतात, मात्र त्यांना वरच्या पातळीवरील यंत्रणेचे मार्गदर्शन व आधार लागतो, असा निष्कर्ष या अनुभवातून निघाला. त्याचा उत्तरार्ध सहसा विसरला जातो. आधार काढून घेतल्यास सेविका एकटी पडते, हेही मांडव्यातच दिसले.

प्रकल्पाची अखेर

सुमारे दशकभराने हे काम थांबले. डॉ. अंतिया यांनी १९८८ साली एका आंतरराष्ट्रीय आरोग्यसेवाविषयक नियतकालिकात प्रकल्पाची निर्मिती, वाटचाल आणि शेवट यांचे विवेचन केले. स्वतःच्या प्रकल्पाच्या अंताविषयी प्रवर्तकाने इतक्या उघडपणे लिहावे, हे आपल्याकडे दुर्मीळच. त्यांच्या मते काम थांबण्याचे कारण पैशाचे किंवा तंत्राचे नव्हते. गावातल्या सामान्य स्त्रियांच्या अंगी आलेली क्षमता प्रस्थापित आरोग्ययंत्रणेला आणि स्थानिक राजकीय सत्तेला आव्हानासारखी वाटली, आणि या विरोधातच प्रकल्प मोडला.

हे विवेचन महत्त्वाचे असले तरी ते एका पक्षाचे आहे, याचे भान अभ्यासकाने ठेवावयास हवे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचारी, ज्याच्या अंगावर कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट आणि वरिष्ठांचा तगादा असे, त्याला मुंबईहून येणाऱ्या तज्ज्ञांच्या प्रकल्पाविषयी काय वाटत असेल? ज्या तालुक्याला कुळांच्या संपाची आणि शेतकरी राजकारणाची परंपरा आहे, तेथील पुढाऱ्याला आपल्या गावात आपल्याला न विचारता उभ्या राहणाऱ्या व्यवस्थेविषयी शंका येणे सर्वस्वी अस्वाभाविक म्हणता येईल काय? हे प्रश्न विचारल्याने अंतियांचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. उलट तो अधिक गंभीर होतो. कारण मग विरोध काही दुष्ट व्यक्तींचा राहत नाही. ज्ञान कोणी द्यायचे, औषध कोणाच्या हातून जायचे आणि त्याचे श्रेय कोणाच्या नावे जमा व्हायचे, यावरचा तो झगडा ठरतो.

दोन परिषदांचा संयुक्त अहवाल

मांडव्याचे काम चालू असतानाच राष्ट्रीय पातळीवर एक वेगळा प्रयत्न आकार घेत होता. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद या दोन संस्थांनी संयुक्त अभ्यासगट नेमला. अध्यक्षस्थानी विकृतिशास्त्राचे ज्येष्ठ संशोधक डॉ. व्ही. रामलिंगस्वामी होते, सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले नाईक हे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून परिचित. आरोग्यविषयक गटाची सूत्रे शिक्षणतज्ज्ञाकडे असावीत, ही गोष्ट त्या काळच्या आंतरविद्याशाखीय दृष्टीची खूण मानावी लागेल. डॉ. अंतिया या गटाचे सदस्य होते. १९८१ साली पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावरील हा अहवाल प्रसिद्ध केला; त्याच वर्षी नाईक निवर्तले.

पार्श्वभूमीला सप्टेंबर १९७८ मधील अल्मा आताची आंतरराष्ट्रीय परिषद होती. तरीही अहवालाची मांडणी परकी वाटत नाही. शहरी, रुग्णालयकेंद्री, औषधांवर भिस्त ठेवणारी व्यवस्था बाजूला सारून गावातून वर जाणारी रचना त्याने सुचवली. पोषण, पिण्याचे पाणी, शिक्षण, दारिद्र्यनिर्मूलन यांपासून आरोग्य वेगळे काढता येत नाही, हे त्याचे मुख्य सूत्र. डॉक्टर आणि औषध उत्पादक यांच्या हितसंबंधांची युती झाल्यास लोकांचे आजारपण हाच व्यवसाय होईल, असा इशाराही त्यात आहे. आजच्या खासगी रुग्णालयांच्या बिलांकडे पाहता तो फारसा जुना झालेला दिसत नाही. आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांपर्यंत नेण्याची शिफारसही गटाने केली होती.

या सहकार्यातून ‘टिकणे’ या संकल्पनेत मोलाची भर पडली. वैद्यकशास्त्राने ‘उपचार टिकला पाहिजे’ असे म्हटले होते. सामाजिक शास्त्रांनी विचारले की ज्या घरात पोटभर अन्न नाही तेथे तो टिकणार कसा. दोन विद्याशाखा एकत्र आल्यावर दोघींच्या भाषेत बदल झाला, हे अहवाल वाचताना जाणवते. सहकार्य म्हणजे आपापली प्रकरणे लिहून एका वेष्टनात बांधणे, असा जो अनुभव विद्यापीठीय वर्तुळात अनेकदा येतो, त्याच्या तुलनेत हे काम बरेच पुढचे होते.

पण एका जागी अहवाल अडखळतो. त्याचा सारा भार ‘समुदाय’ या शब्दावर आहे. व्यवस्था समुदायाने चालवावी, सेवक समुदायाने निवडावेत, देखरेख समुदायाची असावी. गट भाबडा नव्हता. ग्रामीण विषमतेची त्याने स्पष्ट दखल घेतली, दुर्बल घटक संघटित झाल्याशिवाय हे घडणार नाही असेही म्हटले. मात्र संघटन होईपर्यंत गावातील आरोग्यसेविकेने कोणाच्या आधारावर उभे राहायचे, याचे उत्तर त्यात मिळत नाही. सत्ता खाली, गावाकडे सोपवावी असे अहवाल सांगतो. मांडवा प्रकल्प मोडला तो नेमक्या त्याच पातळीवर. दोन परिषदांच्या विद्वत्तेने रोगाचे आणि दारिद्र्याचे विश्लेषण केले. तिसरी विद्या, म्हणजे ती सेविका रोज गावात वावरताना जे ओळखून होती ते, या सहकार्यात भागीदार म्हणून आली नाही. तिच्या कामाची नोंद झाली, तिच्या राजकीय आकलनाची झाली नाही.

पद आणि अर्थसंकल्प

शासनाने दरम्यान आपला मार्ग पत्करला होता. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने सामुदायिक आरोग्यसेवक योजना सुरू केली. हजार लोकवस्तीमागे एक सेवक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, त्या काळात महिना २०० रुपये विद्यावेतन, नंतर महिना ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधे असे तिचे स्वरूप होते. निवडले गेलेले बहुसंख्य सेवक पुरुष होते. मांडव्याच्या अनुभवाशी हे विसंगत होते, कारण तेथील कामाचा मोठा भाग बाळंतीण, तान्हे मूल आणि घरातील स्त्री यांच्याशी निगडित होता.

प्रशासनाच्या भाषेत ‘टिकणे’ म्हणजे अर्थसंकल्पात लेखाशीर्ष असणे. या अर्थाने योजना टिकली. सेवकाचे नाव आधी ‘स्वयंसेवक’ आणि नंतर ‘आरोग्य मार्गदर्शक’ झाले. मानधनवाढीच्या व नोकरीत कायम करण्याच्या मागण्या झाल्या. प्रशिक्षणाची घडी विसकटली. आणि २००२ साली केंद्राचे साहाय्य थांबले. पंचवीस वर्षे कागदावर टिकलेली ही योजना आणि दहा वर्षांत मोडलेला मांडवा प्रकल्प यांपैकी अधिक काय टिकले, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

जामखेड, कासा, परिंचे

तुलनेसाठी जामखेडचा विचार करणे उपयुक्त ठरेल. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले, ते तेथेच राहिले, आणि गावोगाव शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी केली. आरोग्यसेविकेच्या पाठीशी गावात एक संघटित गट होता आणि मागे रुग्णालय. ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) कासा येथे डॉ. पी. एम. शाह यांनी निराळी वाट धरली: शासकीय प्राथमिक आरोग्य केंद्रालाच प्रयोगाचे केंद्र केले. मांडव्याला यांपैकी कोणताच आश्रय पुरेसा लाभला नाही. तज्ज्ञ समुद्रापलीकडून येत, आणि शासकीय केंद्राशी नाते ताणाचे राहिले. मुंबईचे सान्निध्य हे त्याचे बळ होते, तेच दौर्बल्यही ठरले असावे.

संस्थेचे काम मात्र संपले नाही. पुढे तिने पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, परिंचे परिसरात काम उभारले. तेथेही गावातल्या स्त्रियाच केंद्रस्थानी होत्या. त्यांना ‘ताई’ म्हणत. १९९३ साली, म्हणजे पंचायत राज्याला घटनात्मक दर्जा देणारी त्र्याहत्तरावी दुरुस्ती अमलात आली त्याच वर्षी, अंतिया आणि कविता भाटिया यांनी संपादित केलेला लोकांच्या हाती आरोग्य देण्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील दिशा पंचायत राज्याकडे जाणारी आहे. स्थानिक सत्तेने एकदा प्रकल्प मोडलेला असताना पुन्हा स्थानिक सत्तेकडेच वळावे, यात वरवर विसंगती दिसते. परंतु पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्यावर त्या सत्तेचे स्वरूप पूर्वीचे राहणार नव्हते. मांडव्यात ज्या स्त्रीच्या हाती फक्त औषधाची पेटी होती, तिच्या वारसदारणीच्या हाती आता मतही येऊ शकत होते. खारभूमीच्या जुन्या धारणापद्धतीशी हे जुळते: ज्याने बांध राखायचा, त्याचाच जमिनीवर हक्क.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यासोबत ‘आशा’ ही कार्यकर्ती आली. ती गावातलीच स्त्री असावी आणि साधारणपणे हजार वस्तीमागे एक असावी, असे ठरले. निवडीचा हा निकष मांडवा आणि जामखेड येथे तीन दशकांपूर्वी पारखला गेला होता. आशेला नियमित वेतन नाही. कामानुसार मोबदला आणि राज्याचे मानधन यांवर तिचे काम चालते. महाराष्ट्रातील आशांनी जून २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस संप केला. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह मांडव्याला येणारी रो-रो बोट सुरू झाली आहे. ती तासाभरात पोहोचते. उतरल्यावर अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा शहरी कुटुंबांचे बंगले उभे राहिले आहेत, आणि त्यांच्यामागच्या पाड्यांत गरोदर स्त्रियांची नोंद घेत आशा फिरते.